मेथीच्या जुडीचे पैसे फोनमधून जातात कुठे?

शनिवारची संध्याकाळ होती. सांगलीत आमच्या चौकात बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींकडून मेथीच्या दोन जुड्या, अर्धा किलो गवार, पावशेर मिरची आणि लिंबं घेतली. झाले १४० रुपये. स्कॅनरवर फोन धरला, पिन टाकला आणि पडद्यावरचं गोल चाक फिरतच राहिलं. तेवढ्यात बँकेचा मेसेज आला, खात्यातून १४० रुपये वजा. पैसे जमा झाले की मोठ्याने सांगणारा मावशींचा डबा मात्र गप्पच. एरवी कसा खणखणीत बोलतो तो. माझ्या मागे चार-पाच जण पिशव्या घेऊन उभे होते. मी मेसेज दाखवला. मावशी म्हणाल्या, "जावा ताई, उद्या बघू." आवाजात राग नव्हता, पण नजर डब्यावरून हलत नव्हती. दिवसभर उन्हात बसून जे हाती लागतं त्यातले १४० रुपये म्हणजे थोडेथोडके नव्हेत.

माझ्याकडून पैसे गेले होते आणि त्यांच्याकडे आले नव्हते. मग त्या क्षणी ते होते कुठे?

गेली काही वर्षं मी घरातल्या आणि ओळखीतल्या वयस्कर मंडळींना फोनवरचे व्यवहार शिकवते. हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो, फक्त विचारायचा संकोच वाटतो. आणि त्याच्या मुळाशी एक समजूत असते, की पैसे फोनमध्ये आहेत. फोन हरवला की पैसे गेले, अ‍ॅप उडालं की पैसे उडाले. ही समजूत आधी काढून टाकायला हवी. आपले पैसे बँकेतच असतात, पूर्वी होते तसेच. अ‍ॅप हा नुसता निरोप्या आहे. "माझ्या खात्यातून इतके काढा आणि अमक्याच्या खात्यात घाला" एवढा निरोप तो पोचवतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं.

या निरोपांच्या व्यवस्थेचं नाव यूपीआय. ती चालवते नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे एनपीसीआय. ही संस्था २००८ साली उभी राहिली, तिचं मुख्यालय मुंबईत आहे. मोबाइलवरून एका बँकेतून दुसऱ्या बँकेत तत्काळ पैसे पाठवायची आयएमपीएस नावाची सोय २०१० पासून होतीच, पण त्यात समोरच्याचा खाते क्रमांक, बँकेचा कोड असं सगळं लागायचं. यूपीआयने हे पाठ करायचं ओझं काढून टाकलं. ११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते मुंबईत तिची सुरुवात झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी आली आणि ही नवी सोय घरोघरी माहीत झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात यूपीआयचे व्यवहार २,००० कोटींच्या वर गेले. त्यात आपल्या चहाचे दहा रुपयेही आले.

आता मावशींच्या स्कॅनरकडे जवळून बघू. लाकडी फळीला टेकवलेला, कडेने पाणी लागून फुगलेला पुठ्ठा, त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची जाळी. आपण त्याला स्कॅनर म्हणतो, पण स्कॅन करतो तो आपला फोन. पुठ्ठा काहीच करत नाही. ती जाळी म्हणजे क्यूआर कोड, चौकटींच्या भाषेत लिहिलेला एक पत्ता. जपानमधल्या डेन्सो वेव्ह या कंपनीने १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी ही पद्धत काढली. तीन कोपऱ्यांत जे मोठे चौकोन दिसतात, त्यांच्यावरून कॅमेऱ्याला कळतं की कोड कुठून कसा वाचायचा. म्हणून फोन तिरका धरला तरी चालतं. मजकूर लिहितानाच थोडी जास्तीची माहिती भरलेली असते, त्यामुळे एखादा कोपरा मातीने माखला किंवा फाटला तरी बहुतेक वेळा कोड वाचता येतो. भाजीबाजारात ही गोष्ट फार उपयोगाची.

मावशींच्या पुठ्ठ्यात फक्त त्यांचा यूपीआय पत्ता आणि नाव आहे. रक्कम आपण घालतो. मोठ्या दुकानात मशीनच्या पडद्यावर जो कोड येतो, त्यात रक्कमही भरलेली असते आणि तो दर गिऱ्हाइकाला बदलतो. मावशींचा पुठ्ठा तसा नाही, तो छापील आहे. कुणी रात्रीतून त्यावर स्वतःचा कोड चिकटवला तर पुठ्ठा बिचारा काही बोलणार नाही, आणि असे प्रकार झालेले आहेत. म्हणून स्कॅन केल्यावर वर येणारं नाव वाचायचं आणि मोठ्याने विचारायचं, "मावशी, तुमचंच नाव ना?" जून २०२५ च्या अखेरीपासून अ‍ॅपने इथे बँकेच्या दप्तरी असलेलंच नाव दाखवायचं असा नियम झाला आहे. त्यामुळे स्वतःला हवं ते नाव लावून फसवणं अवघड झालंय. काही वेळा नाव मुलाचं किंवा सुनेचं येतं, खातं त्यांच्या नावावर असतं म्हणून. विचारलं तर कुणाला राग येत नाही, उलट त्यांचाच फायदा असतो.

मी "पाठवा" दाबलं, तिथून निरोपाचा प्रवास सुरू झाला.

आपण "जीपे कर" किंवा "फोनपे करते" म्हणतो, पण गूगल पे किंवा फोनपे या बँका नव्हेत. त्यांना यूपीआयच्या रस्त्यावर यायला एखाद्या बँकेचं बोट धरावं लागतं. यूपीआय पत्त्यात मधल्या @ या गोल चिन्हाच्या पुढे जी अक्षरं असतात, ती याच बँकेची आणि अ‍ॅपची खूण. निरोप अ‍ॅपकडून त्या बोट धरलेल्या बँकेकडे जातो, तिथून एनपीसीआयकडे. एनपीसीआय पलीकडच्या बाजूला विचारते, हा पत्ता कोणत्या खात्याचा? उत्तर मिळालं की ती माझ्या बँकेला सांगते, हिच्या खात्यातून १४० काढा. माझी बँक पिन तपासते, शिल्लक बघते, पैसे वजा करते आणि "काढले" असं कळवते. मग एनपीसीआय मावशींच्या बाजूच्या बँकेला सांगते, १४० जमा करा. तिकडून "केले" आलं की दोन्हीकडच्या अ‍ॅपला खबर जाते. माझ्या पडद्यावर हिरवी खूण येते आणि मावशींचा डबा बोलतो. इतक्या जणांची इतकी विचारपूस, आणि सगळं मिळून दोन-चार सेकंदांत.

पिनचंही इथेच सांगते. पिन टाकायची जी पाटी उघडते, ती अ‍ॅपची नसते. एनपीसीआयने बनवलेला तो भाग प्रत्येक अ‍ॅपच्या पोटात बसवलेला असतो, म्हणून कुठलंही अ‍ॅप घ्या, ती पाटी जवळपास सारखीच दिसते. आपण आकडे दाबले की फोनमध्येच त्यांना कुलूप लागतं आणि ते बंद पाकिटासारखे पुढे जातात. मधल्या अ‍ॅपला आपला पिन दिसत नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, बँकेतून निवृत्त झाले. हे सगळं त्यांना समजावून सांगायला बसले आणि त्यांनीच मला एक गोष्ट शिकवली. ते म्हणाले, "अगं, हे आमच्या क्लिअरिंगसारखंच आहे." पूर्वी दुपारी ठरलेल्या वेळी गावातल्या सगळ्या बँकांची माणसं चेकचे गठ्ठे घेऊन एका ठिकाणी जमायची. तुमच्या बँकेचे चेक तुम्हाला, आमचे आम्हाला. शेवटी बेरीज-वजाबाकी करून कोण कुणाला किती देणं लागतो ते निघायचं आणि तेवढाच फरक चुकता व्हायचा. प्रत्येक चेकमागे कुणी नोटांचं बंडल उचलून नेत नसे.

यूपीआयच्या पोटात आजही हेच चालतं. माझ्या खात्यातून १४० वजा झाले आणि मावशींकडे जमा झाले, या दोन बँकांच्या वह्यांमधल्या नोंदी झाल्या. बँकेने बँकेला खरे पैसे त्या सेकंदाला दिलेले नसतात. दिवसातून अनेक वेळा एनपीसीआय हिशेब काढते, सगळ्या बँकांचं देणं-घेणं एकमेकांत वळतं करते आणि उरलेला फरक रिझर्व्ह बँकेतल्या त्यांच्या खात्यांमधून चुकता होतो. लाखो जुड्या, चहा, रिक्षा, शाळेची फी, सगळ्यांची मिळून एका बँकेसाठी एकच रक्कम निघते. हे ऐकून अप्पांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं, ते मला विसरता येणार नाही. जग इतकं बदललं असं वाटत असताना त्यांना त्यात त्यांचंच काम दिसलं.

तर आता १४० रुपयांकडे परत येऊ. माझ्या बँकेने पैसे काढले, तिथपर्यंतचं काम झालं होतं. पुढच्या "जमा करा" या निरोपाचं उत्तर वेळेत आलं नाही. पलीकडच्या बँकेची यंत्रणा दमली असेल किंवा वाटेत कुठे संपर्क तुटला असेल. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी, महिन्याच्या सुरुवातीला, सणाच्या आदल्या दिवशी हे जास्त होतं, कारण सगळे एकदमच निरोप पाठवत असतात. अशा वेळी व्यवहार "पेंडिंग" दाखवतो. पैसे हवेत नसतात आणि कुणी खाल्लेलेही नसतात. ते कुठल्या तरी बँकेच्या वहीत "याचा निकाल लागायचा आहे" अशा नोंदीत पडून असतात.

निकाल किती दिवसांत लागायला हवा याचा नियम आहे, आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो काढला. एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे खात्यातून गेले पण पोचले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांपर्यंत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळायला हवी, आणि तीही त्याने तक्रार न करता. आपल्या लोकांना आपला हक्क माहीत नसतो आणि दोनशे रुपयांसाठी कोण बँकेत जाणार म्हणून ते सोडून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो, तो जपून ठेवा. अ‍ॅपमध्ये त्याच व्यवहारावर बोट ठेवून तक्रार करता येते. नाहीच दाद लागली तर बँकेकडे लेखी तक्रार, आणि बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला पैसे पडत नाहीत.

मी त्या संध्याकाळी मावशींना रोख १४० दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी माझे १४० खात्यात परत आले. उलट झालं असतं, म्हणजे पेंडिंग व्यवहार रात्री पूर्ण होऊन त्यांच्याकडे दोनदा पैसे गेले असते, तर मावशींनी ते परत केले असते याची मला खात्री आहे.

त्यांच्या डब्याबद्दलही थोडं. त्यात स्वतःचं सिम असतं. कंपनीच्या यंत्रणेकडून "पैसे आले" हा निरोप आला की तो बोलतो. म्हणजे डब्याला रेंज नसेल किंवा चार्जिंग संपलं असेल तर पैसे येऊनही तो गप्प राहतो. शिवाय कंपनीने दिलेला स्कॅनर असेल तर बरेचदा पैसे आधी कंपनीकडे जमतात आणि ठरलेल्या वेळी एकरकमी दुकानदाराच्या खात्यात जातात. "डबा बोलला पण पासबुकात दिसत नाही" असं मावशी म्हणतात त्याचं कारण हेच. आणि दुकानात बसणाऱ्या सगळ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी खूण बघून माल देऊ नका. तशी खोटी खूण दाखवणारी अ‍ॅप निघाली आहेत. खरी खूण आपल्या डब्याची किंवा आपल्या फोनवरची.

पुढची गोष्ट माझ्या आत्याची आहे. तीन वर्षांपूर्वी तिने जुनं शिलाई मशीन विकायची जाहिरात ऑनलाइन टाकली. लगेच फोन आला. समोरचा म्हणाला, मी लष्करात आहे, बदली झालीय, बायकोसाठी मशीन हवंय, पैसे आत्ताच पाठवतो. भाव केला नाही, तेव्हाच शंका यायला हवी होती. पण लष्करातला माणूस म्हटल्यावर आत्याचा जीव विरघळला. त्याने तिच्या अ‍ॅपवर २,००० रुपयांची मागणी पाठवली आणि सांगितलं, "हे तुमचे येणारे पैसे आहेत, घ्यायला पिन टाका." तिने टाकला. २,००० गेले. "अरे, चुकलं वाटतं, पुन्हा टाका," म्हणाला. तिने परत टाकला. आणखी २,००० गेले. हे तिने आम्हाला दोन दिवस सांगितलं नाही, लाजेने. तिच्या ओल्या डोळ्यांपेक्षा ते दोन दिवस मला जास्त टोचतात, कारण काही करता आलं असतं तर त्याच वेळात.

पिन म्हणजे आपल्या खात्यावरची आपली सही. पैसे द्यायला सही लागते, घ्यायला लागत नाही. पिन फक्त पैसे बाहेर जाताना आणि शिल्लक बघताना टाकायचा असतो. पैसे येण्यासाठी पिन लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही. तुमच्या खात्यात पैसे भरणारा तुमची सही कशाला मागेल? एका माणसाने दुसऱ्याकडे अशी मागणी पाठवायची सोय एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, आणि आत्याच्या गोष्टीतली ती वाट बुजली. पण दुसऱ्या वाटा आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड येतो, "स्कॅन करा, बक्षीस मिळेल." लग्नपत्रिकेच्या किंवा गाडीच्या चलनाच्या नावाने एक फाइल येते. ती उघडली की फोनमध्ये एक अ‍ॅप शिरतं आणि आपले मेसेज दुसऱ्याला पाठवू लागतं. कुणी मदत करायच्या नावाखाली स्क्रीन शेअर करायला लावतं. रूप बदलतं, शेवटी गाडी पिनपाशी किंवा ओटीपीपाशीच येते.

असं काही झालंच तर १९३० हा नंबर. सायबर फसवणुकीसाठीचा हा राष्ट्रीय नंबर आहे. तिथे तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिला कळवलं जातं, आणि तोवर चोराने ते काढले नसतील तर ते तिथेच गोठवता येतात. म्हणून इथे मिनिटं महत्त्वाची असतात. बँकेलाही त्याच वेळी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार पिन आपणच देऊन बसलो असलो तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल, ते बँकेचं. कळवण्याआधीचं आपलं. आत्याने पहिल्या २,००० नंतर फोन ठेवून आम्हाला हाक मारली असती तर निदान दुसरे वाचले असते. घरातल्या कुणी असं सांगितलं तर कृपा करून "तुला कळत कसं नाही" म्हणू नका. पुढच्या वेळी ते माणूस सांगणारच नाही.

फोन हरवला तर काय, हेही सगळे विचारतात. यूपीआय अ‍ॅप पहिल्यांदा सुरू करताना फोन आपल्या सिमवरून एक मेसेज आपणहून पाठवतो. त्यावरून बँकेला खात्री पटते की खात्याला जोडलेला नंबर याच फोनमध्ये आहे. मग तो फोन, ते सिम आणि ते खातं यांची गाठ बांधली जाते. दुसऱ्या फोनवर गेलात की ही गाठ नव्याने बांधावी लागते. म्हणून फोन चोरीला गेला तर आधी सिम बंद करून घ्या, मग बँकेला कळवा. चोराला तुमच्या फोनचं कुलूप उघडावं लागेल आणि वर पिनही लागेल. तो पिन जन्मसाल असेल किंवा फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठीवर लिहिलेला असेल, तर सगळं मुसळ केरात. आणि जुना नंबर वापरात नसेल तर बँकेत जाऊन बदलून घ्या. बंद पडलेले नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला दिले जातात.

जिथे नेट नाही तिथे *९९# आहे. साध्या बटणांच्या फोनवरूनही चालतं, फक्त फोनची रेंज हवी. वेळ लागतो, पर्याय आकडे दाबून निवडावे लागतात, पण कामाला येतं.

आता अप्पांची एक तक्रार होती. त्यांना पासबुक भरून आणायची सवय, आणि चहा, पेपर, लिंबू अशा दहा-वीस रुपयांच्या नोंदींनी पानंच्या पानं भरायची. पेन्शन कधी जमा झाली ते शोधायला त्यांना भिंग लागायचं. मी त्यांना यूपीआय लाइट चालू करून दिलं. यात खात्यातून थोडी रक्कम आधी बाजूला काढून ठेवायची, एका वेळी जास्तीत जास्त ५,०००. त्यातून १,००० पर्यंतचे खर्च पिन न टाकता होतात. प्रत्येक खर्चासाठी बँकेचं दार ठोठवावं लागत नाही, म्हणून बँकेची यंत्रणा थकलेली असतानाही ते बहुधा पटकन जातात. पासबुकात फक्त बाजूला काढल्याची एक ओळ येते. पिन नाही म्हणून त्यात जास्त पैसे ठेवू नयेत. अप्पा ५०० ठेवतात.

परवा त्यांनी पासबुक माझ्यासमोर उघडलं. सगळा महिना एका पानात मावला होता, आणि पेन्शनची ओळ त्यांना भिंगाशिवाय सापडली.